खुनाचा तपास आणि कबुलीजबाब

एखाद्या गांवीं खून झाला आणि खुनी सांपडला नाहीं, तर मृताच्या घरच्या माणसांवर दोन वेळां घाला पडतो; एक खुन्याचा, आणि दुसरा सरकारच्या असमर्थतेचा. भलताच माणूस धरला गेला तर तिसराही पडतो, आणि तो अशा घरावर पडतो कीं ज्याचा त्या गुन्ह्याशीं कांहीं संबंध नव्हता. असें असतां तपासाच्या यशापयशाची चर्चा आपल्याकडे बहुधा शिपायांची संख्या, त्यांचा पगार आणि त्यांचीं वाहनें एवढ्यावरच येऊन थांबते. ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गेल्या दोनशें वर्षांचा आपल्या देशांतील इतिहास पाहिला असतां आम्हांस असें दिसतें कीं, तपासाची खरी सुधारणा ज्या ज्या वेळीं झाली, त्या त्या वेळीं पोलिसांचा एक सोपा मार्ग कोणी तरी आधीं अडविलेला होता. तो सोपा मार्ग म्हणजे आरोपीची कबुली.

कबुलीच्या आधींचा एक मार्ग आपल्या खेड्यांत होता, त्याची आठवण प्रथम केली पाहिजे. पेशवाईंतील गांवांचा बंदोबस्त कसा चाले, ह्याचें वर्णन मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें १८१९ सालीं आपल्या अहवालांत केलेलें आहे. बंदोबस्ताचा मुख्य पाटील. त्याच्या हाताखालीं जागल्या. हा जागल्या कोठें रामोशी, कोठें भिल्ल, कोठें महार असे. रात्रीं गांवाभोंवतीं फेरी घालावी, परका माणूस कोण आला व कोण गेला हें ध्यानांत ठेवावें, गांवांतील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असावें, हें त्याचें काम. चोरी झाली कीं त्यानें माग काढावयाचा. पावलांचे ठसे धरीत तो शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गांवच्या हद्दींत शिरला अशी तेथील जागल्याची खात्री करून दिली, म्हणजे ह्याची जबाबदारी संपे व ती त्याच्या अंगावर येई. ज्या गांवाच्या पुढें माग निघेना त्या गांवानें चोरीचा ऐवज भरून द्यावा, असा रिवाज होता.

ह्या पद्धतीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. खडकावर, वाहत्या ओढ्यांत किंवा बाजाराच्या गर्दींत माग हरपणारच, आणि ज्या गांवाशीं तो हरपला त्या गांवच्या निरपराध कुणब्यांनीं दुसऱ्याच्या चोरीचा दंड भरावयाचा, ह्यांत न्याय थोडा आणि सोय फार होती. शिवाय ती मुख्यत्वें चोरीदरवड्यांकरितां होती. घरांतल्या घरांत झालेल्या खुनास ती काय कामाची? परंतु तिच्यांत एक गुण असा होता कीं, तपासाचा आरंभ जागेपासून होई. आधीं माती पाहावयाची, मग माणूस. हा क्रम पुढें उलटा झाला. आणि ज्यांच्या अंगीं माग काढण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती, त्या रामोशी, बेरड इत्यादि जातींनाच इंग्रज सरकारनें गुन्हेगार जातींच्या यादींत नेऊन बसविलें. १८७१ चा तो कायदा प्रारंभीं उत्तरेकडे चालू झाला व १९११ मध्यें नव्या रूपानें मुंबई इलाख्यासही लागूं करतां येऊं लागला. १९५२ सालीं तो रद्द झाला. तरी रानांत कोठें दरोडा पडला असतां फौजदाराचे पाय पहिल्यानें कोणाच्या पालांकडे वळतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

क्रम उलटा झाला म्हणजे काय, हें मद्रास इलाख्यांतील एका कमिशनच्या अहवालावरून कळतें. कंपनी सरकारच्या अमलांत वसुलीसाठीं व गुन्हे कबूल करविण्यासाठीं लोकांचा छळ होतो, अशी ओरड विलायतेपर्यंत गेली, तेव्हां हें कमिशन बसलें. त्याचा अहवाल १८५५ सालीं बाहेर आला. बोटें चिरडावयाचा लांकडी चाप, त्यास किट्टी म्हणत; माणसास कमरेंत वांकवून बांधून तसेंच उन्हांत उभें करावयाचें, त्यास अनुंदल म्हणत. छळ होतो, तो सर्रास होतो, असा निष्कर्ष कमिशनला काढावा लागला. हें सर्व हाताखालच्या नेटिव्ह नोकरांचें पाप, वरिष्ठ गोरे अधिकारी त्यापासून अलिप्त, असा सूरही त्या अहवालांत आहे; तो ज्यानें त्यानें आपापल्या समजुतीप्रमाणें वाचावा. वसुलाचा आंकडा आणि शाबीत गुन्ह्यांचा आंकडा वरूनच मागितला जात होता, हें मात्र विसरतां कामा नये.

ह्या अहवालानंतर सहा वर्षांनीं, १८६१ सालीं, पोलिसांचा कायदा आणि फौजदारी कामाचा कायदा असे दोन्ही झाले. पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुली पुराव्यांत घेऊं नये, असा निर्बंध त्यांतील दुसऱ्यानें घातला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तोच पंचविसाव्या व सव्विसाव्या कलमांत कायम झाला. हा कायदा रचणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यानें पुढें आपल्या ग्रंथांत एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे. पोलीस आरोपींस कां छळतात, ह्याविषयीं एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचें मत त्यानें ऐकलें होतें: छळाचें मूळ क्रौर्यापेक्षां आळसांत अधिक आहे, पुराव्यासाठीं उन्हांतान्हांत हिंडण्याचे श्रम त्यानें वांचतात. आमच्या मतें ह्या विषयावर जें जें लिहिलें गेलें आहे, त्यांत इतकें नेमकें दुसरें थोडेंच असेल. स्टीफननें मार्ग अडविला खरा, पण एक चोरदरवाजा ठेविला. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर त्या शोधापुरतें त्याचें बोलणें पुराव्यांत येऊं शकतें, असें सत्ताविसावें कलम सांगतें. त्या दरवाजानें किती कोयते, किती सुरे व किती रक्ताळलेलीं धोतरें न्यायालयांत आलीं ह्याची गणती नाहीं. १९४६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो बराच अरुंद केला. वस्तु कोठें आहे हें आरोपीस ठाऊक होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें, तिनें त्यानें खून केला हें सिद्ध होत नाहीं, असें ठरलें.

कबुलीवर उभारलेला तपास कसा कोसळतो, ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण मात्र एका मराठी संस्थानांतलें आहे. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेर आणि मल्हारराव महाराज गायकवाड ह्यांचें हाडवैर प्रसिद्धच होतें. १८७४ च्या नोव्हेंबरच्या ९ तारखेस सकाळीं फेरसाहेबांनीं नित्याप्रमाणें पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. चव बिघडलेली वाटली, म्हणून बाकीचें फेंकून दिलें. पेल्याच्या तळाशीं कांहीं गाळ राहिला होता. तो त्यांनीं डॉक्टराकडे पाठविला. बडोद्यास व मुंबईस त्याचें पृथक्करण झालें आणि त्यांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचें निघालें. एथपर्यंतचा तपास जागेपासून निघालेला, म्हणून भक्कम होता. सरबतांत विष होतें, ह्याबद्दल पुढें कोणासही फारशी शंका उरली नाहीं.

विष कोणी घातलें? ह्या प्रश्नापाशीं मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले, त्यांच्याबरोबर त्यांचे नांवाजलेले हाताखालचे अंमलदार अकबरअल्ली व अबदुलअल्ली आले, आणि तपासाची दिशा बदलली. रेसिडेन्सींतील हवालदार रावजी ह्यास माफीचें वचन मिळालें आणि त्यानें कबुली दिली. जमादार नरसू ह्यानेंही दिली. त्यानें मध्यंतरीं विहिरींत उडी टाकली होती. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हे कित्येक दिवस गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत राहिल्यावर, माफीच्या वचनावर, बोलूं लागले. रावजीनें आपल्या पट्ट्यांत पुड्या ठेवीत असल्याचें सांगितलें. तो पट्टा तोंपर्यंत दुसऱ्या शिपायाच्या अंगावर गेला होता. अकबरअल्लीनें तो मागवून चांचपला, व आंतल्या चोरखिशांत सोमलाची पुडी निघाली.

१८७५ च्या फेब्रुवारींत महाराजांच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें. महाराजांच्या बाजूनें विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नाणावलेला बॅरिस्टर आला होता. त्याच्या उलटतपासणीचा रोंख ह्या पुडीवरच होता. इतके दिवस पट्टा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेला आणि पुडी कोणास लागली नाहीं. अकबरअल्लीचा हात लागतांच ती कशी निघाली? पुडी सांपडतांना जवळ कोण होतें? बॅलंटाइनचा आरोप खरा होता कीं खोटा, ह्याचा निर्णय आज कोणी करूं शकत नाहीं, आणि येथें त्याची गरजही नाहीं. पाहण्यासारखें आहे तें हें कीं, पुडी खरी असती तरीही त्या प्रश्नाला पोलिसांजवळ उत्तर नव्हतें. कमिशनचे सहा सभासद. सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड व मेल्व्हिल ह्या तिघां इंग्रजांनीं महाराजांवरील आरोप शाबीत धरला; जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव ह्या तिघांस तो शाबीत झाला असें वाटलें नाहीं. शेवटीं एप्रिलांत सरकारनें मल्हाररावांस पदच्युत केलें, परंतु विषप्रयोगाबद्दल केलें असें म्हणण्याचें त्यास धैर्य झालें नाहीं. गैरवर्तन आणि राज्यकारभाराची दुर्दशा हीं कारणें जाहीरनाम्यांत घालावीं लागलीं. इंग्रजी साम्राज्याची सारी सत्ता पाठीशीं असतां एका सरबताच्या पेल्याचा तपास अर्धा राहिला, व तो अर्धाच आहे.

ह्यापुढील पाऊल बंगाल्यांत पडलें. विल्यम हर्शेल ह्या मुलकी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं जंगीपूर येथें एका मक्तेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता, तो केवळ त्यानें पुढें सही नाकारूं नये म्हणून. ठसे जन्मभर बदलत नाहींत हें हर्शेलला अनुभवानें कळलें. गाल्टन ह्यानें १८९२ च्या आपल्या ग्रंथांत त्यास शास्त्राचें रूप दिलें. परंतु हजारों ठशांतून हवा तो ठसा काढावयाचा कसा? ही अडचण सुटेपर्यंत ठसे म्हणजे कुलूप लावून किल्ली हरवलेला खजिना होता. बंगालचे पोलीस इन्स्पेक्टर जनरल एडवर्ड हेन्री ह्यांच्या हाताखालीं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस असे दोन हिंदी अंमलदार होते. दहाही बोटांवरील रेषांच्या वळणांवरून ठशांची १०२४ खणांत वांटणी करण्याची जी युक्ति निघाली, तिच्यांतील गणिती भाग मुख्यतः हक ह्यांचा. पद्धतीस नांव मात्र हेन्रीचें पडलें, तें आजतागायत चालू आहे. हक ह्यांस खानबहादुर आणि बोस ह्यांस रायबहादुर ह्या पदव्या मागाहून मिळाल्या. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डांत तशी कचेरी निघावयास १९०१ साल उजाडावें लागलें. जी गोष्ट विलायतेनें आपल्याकडून घेतली अशा गोष्टी त्या काळीं फार नव्हत्या.

ह्या कचेरीची पहिली मोठी कसोटी जलपैगुडी जिल्ह्यांत, भूतानच्या सरहद्दीलगतच्या एका चहाच्या मळ्यांत लागली. मळ्याचा मॅनेजर बिछान्यांत गळा चिरलेला आढळला. पेटी फोडलेली होती व पैसे गेले होते. संशयितांस तोटा नव्हता. मळ्यावरच्या मजुरांशीं त्याचें पटत नसे. एका बाईच्या नातेवाइकांचा त्याच्यावर राग होता. काबुली लोकांची एक टोळी जवळच उतरली होती. स्वैंपाक्याच्या कपड्यांवर तर रक्ताचे डाग होते, ते कबुतराच्या रक्ताचे असें तो सांगे. जुन्या पद्धतीचा फौजदार असता तर ह्यांपैकीं कोणी तरी चार दिवसांत कबूल झालाच असता, आणि तो बहुधा स्वैंपाकी असता. परंतु कागदपत्रांत एक बंगाली पंचांग मिळालें, त्याच्या कव्हरावर तपकिरी रंगाचे पुसट डाग होते. त्यांतील एक बोटाचा ठसा निघाला. तो कलकत्त्याच्या कचेरींत पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा झालेल्या, मॅनेजरच्याच एका जुन्या नोकराच्या ठशाशीं जुळला. हा मनुष्य शेंकडों मैल दूर बीरभूम जिल्ह्यांत सांपडला.

१८९८ सालीं खटला चालला, त्याचा निकाल आम्हांस ठशाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चोरीबद्दल त्यास शिक्षा झाली. खुनाच्या आरोपांतून तो सुटला. रक्ताचा हात पंचांगास लागला, ह्यावरून तो त्या खोलींत होता हें ठरलें. सुरा त्यानेंच चालविला हें कोणी पाहिलें नव्हतें. इतक्या काटेकोर निकालाची आज कित्येकांस चीड येईल. पण पुरावा जेवढें बोलतो तेवढेंच न्यायालयानें ऐकावयाचें, ही शिस्त त्या पहिल्याच खटल्यांत पाळली गेली. पुढल्याच वर्षीं, १८९९ सालीं, ठशांच्या तज्ज्ञाचें मत ग्राह्य धरण्यासाठीं पुराव्याच्या कायद्यांत दुरुस्ती झाली.

ह्यानंतर साधनें वाढत गेलीं. त्यांची जंत्री देण्याचें कारण नाहीं. हान्स ग्रॉस ह्या ऑस्ट्रियन न्यायाधिकाऱ्याच्या गुन्हेशोधनावरील जगप्रसिद्ध ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९०६ सालीं प्रथम मद्रासेस छापलें गेलें, एवढें सांगितलें म्हणजे आपल्याकडे ज्ञानाचा दुष्काळ नव्हता हें कळेल. मग उणें कशाचें होतें? १९०२-०३ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस कमिशननें खात्याविषयीं जें मत दिलें, तें सरकारनेंच नेमलेल्या मंडळाचें आहे ह्यावर विश्वास बसूं नये इतकें कडक आहे. खातें अकार्यक्षम आहे, लांचखाऊ आहे, लोकांस त्याची दहशत वाटते, आधार वाटत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. ज्याची दहशत वाटते त्याला साक्ष कोण देणार?

अमेरिकेंतील अनुभव ह्या बाबतींत बोलका आहे. तेथें रँड संस्थेनें १९७५ सालीं गुन्ह्यांच्या तपासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, गुन्हा उघडकीस येतो कीं नाहीं हें गुप्त पोलिसांच्या चातुर्यापेक्षां, प्रथम पोंचलेल्या साध्या शिपायास जखमी मनुष्य किंवा शेजारीपाजारी काय सांगतात ह्यावर फार अवलंबून असतें. १९६० च्या सुमारास त्या देशांत खुनांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांत कोणास तरी अटक होई. २०२० नंतरच्या वर्षांत हें प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलें. प्रयोगशाळा मधल्या काळांत कितीतरी सुधारल्या होत्या. ह्या घसरणीचीं कारणें अनेक सांगतात. अटक झाली म्हणजे गुन्हेगार सांपडला असेंही नव्हे. पण पुष्कळ वस्त्यांत लोक पोलिसांशीं बोलेनासे झाले, हें त्यांतलें एक कारण सर्व जाणते मान्य करितात.

आपल्याकडे आंकडा निराळ्या ठिकाणीं घसरतो. खुनाच्या खटल्यांत आरोपपत्र बहुतेक वेळां दाखल होतें. पण २०१९ ते २०२२ ह्या वर्षांत निकाल लागलेल्या खुनाच्या खटल्यांपैकीं निम्म्याहून कमी खटल्यांत शिक्षा झाली. म्हणजे माणूस सांपडतो, पुरावा सांपडत नाहीं. हा दोष न्यायालयांच्या ढिलाईचा समजून कबुलीचा बंद केलेला दरवाजा पुन्हां उघडण्याचा मोह सरकारांस वेळोवेळीं होतो. आपल्या राज्यांत १९९९ सालीं संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा झाला, ज्यास लोक मोक्का म्हणतात, त्यानें पोलीस सुपरिंटेंडेंट किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली. २००६ च्या ११ जुलईस मुंबईच्या लोकल गाड्यांत जे स्फोट झाले, त्यांत दोनशेंच्या जवळपास माणसें मेलीं. त्या खटल्यांत हें कलम वापरलें गेलें. २०१५ सालीं खास न्यायालयानें बारा जणांस शिक्षा दिली, त्यांत पांच जणांस फांशीची. २०२५ च्या जुलईंत मुंबई उच्च न्यायालयानें त्या बाराही जणांस निर्दोष ठरविलें. कबुलीजबाबांतला मजकूर ठिकठिकाणीं एकसारखा असल्याचें दाखवून तिनें ते टाकून दिले. सरकारनें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली, व हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरूं नये असा तात्पुरता हुकूम मिळविला. बारांपैकीं एकजण तुरुंगांतच, २०२१ सालीं, मेला होता. ज्यांचीं माणसें त्या गाड्यांत गेलीं, त्यांना एकोणीस वर्षांनंतर काय मिळालें, ह्याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा?

करावयाचें काय, हें कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. सप्टेंबर २००६ मध्यें प्रकाश सिंह ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिला कीं, तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा, आणि आरंभ दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून करा. जो अंमलदार सकाळीं मंत्र्यांच्या दौऱ्यावर, दुपारीं मोर्चावर आणि रात्रीं मिरवणुकीबरोबर उभा, त्यानें पंचांगावरचा पुसट डाग केव्हां पाहावा? तो उन्हांत हिंडून आधींच थकलेला असतो. सांवलींत बसून कबुली मिळविण्याचा मोह त्यालाच सर्वांत अधिक. आळसाची ती जुनी उपपत्ति ह्या ठिकाणीं थोडी सुधारून घ्यावी लागेल.

१ जुलई २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांत दोन कलमें अशीं आहेत कीं त्यांकडे आमचें विशेष लक्ष आहे. झडती व जप्ती होत असतां तिचें दृश्य आणि आवाज ध्वनिचित्रमुद्रणानें टिपून घेतलें पाहिजे, असें एक सांगतें. रावजीच्या पट्ट्याविषयीं बॅलंटाइननें विचारलेल्या प्रश्नास जवळजवळ दीडशें वर्षांनीं कायद्यानें दिलेलें हें उत्तर आहे. दुसरें असें कीं, सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानें स्वतः जागेवर येऊन पुरावा गोळा करावा. हें दुसरें कलम लागूं करण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत दिलेली आहे. तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघून घाट चढून येईल, त्यास दोन तास लागोत कीं चार. तोंपर्यंत ओसरीवर सारा गांव जमतो, बायका रक्तावर पाणी ओततात, कोणी दयाळू माणूस कोयता उचलून कोपऱ्यांत ठेवतो. त्या वेळांत जागेवर असणारा सरकारचा माणूस एकच, गांवचा पोलीस पाटील. जुन्या जागल्याचा वारसा त्याच्याकडे आलेला आहे, पण ती विद्या त्यास कोणी शिकविलेली नाहीं. दाराशीं दोरी बांधणें आणि अंगणांतल्या पावलावर टोपली पालथी घालून ठेवणें, एवढें शिकविण्यास एक दिवस पुरेल.